पळसकुंडच्या रपट्यावरचा भोंगा

पांढरकवड्याला उतरायचं तर सकाळी उतरा. हैदराबादकडे जाणारे ट्रक रात्रभराची धूळ अंगावर घेऊन ढाब्यांपुढे उभे असतात, ड्रायव्हर लोक बादलीभर पाण्यात तोंड धूत असतात आणि स्टँडबाहेरच्या गाडीवर पोह्यांवर लालभडक तर्री ओतली जात असते. मी सांगलीची, नोकरीमुळे पुण्यात राहणारी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, फार तर लिंबाची फोड. इथे चण्यांचा झणझणीत रस्सा पाहून मी दोन मिनिटं नुसतीच प्लेटकडे बघत राहिले.

मला घ्यायला आलेले गजाननभाऊ शेजारी उभे होते. त्यांची प्रवासी जीप पांढरकवडा ते झरी जामणीच्या आतल्या गावांपर्यंत चालते.

"तुमच्या पुण्यात पोह्यावर काय टाकतेत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"अन् रस्सा?"

"रस्सा नसतो."

"मंग घशाखाली उतरते कसे बाप्पा?" असं म्हणून त्यांनी माझ्या प्लेटमध्ये आणखी एक पळी घालायला लावली. डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरी प्लेट मीच मागितली.

बाकीचं सामान आधीच गावात पोहोचलं होतं, माझ्यासोबत दोन खोकी होती. एकात सौरपट्टी आणि बॅटरी, दुसऱ्यात जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. ती पेटी मी मांडीवरच घेतली. गजाननभाऊंनी दोनदा विचारलं, "मागं ठेवू का मॅडम?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारायचं सोडलं आणि खड्डा आला की आधीच "सांभाळा जी" म्हणायला लागले. या भागातलं हे 'जी' मला फार आवडलं. आमच्याकडे 'अहो' म्हणताना माणूस थोडं अंतर राखतो. इथलं 'जी' वाक्याच्या शेवटी अलगद खांद्यावर हात ठेवावा तसं येतं.

भाद्रपद होता. पोळा होऊन गेला होता, घरांच्या दारांवर तोरणं अजून होती. कपाशी कमरेपर्यंत आलेली, सोयाबीन खालून पिवळं पडू लागलेलं. मग शेतं विरळ झाली आणि सागाचं जंगल सुरू झालं. मोबाइलवरच्या रेषा एकेक करून गेल्या. शेवटची गेली तेव्हा गजाननभाऊ म्हणाले, "आता फोन ठेवा बॅगमध्ये. आता काई येत नाई."

पळसकुंड

गावांची नावं मी बदलली आहेत. पळसकुंड हे रस्त्यावरचं गाव. त्याच्या पुढे एक नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे पुलाऐवजी पात्रातच बांधलेला सिमेंटचा बुटका रस्ता. एरवी पाणी त्याच्या खालच्या पाइपांतून जातं. वर डोंगरात पाऊस झाला की रपट्यावरून. पलीकडे टेकडीवर कोलाम आदिवासींची वस्ती, चिंचपोड. पोड म्हणजे कोलामांचा पाडा. दवाखाना, रेशन, बाजार, सगळं अलीकडे, आणि चिंचपोडला जायला दुसरी वाट नाही.

या नाल्याचा कावा असा, की तो इथल्या आभाळाला विचारून येत नाही. पाऊस पडतो दूर वरच्या डोंगरात आणि पाणी येतं इथे, लख्ख उन्हात.

माझी राहायची सोय प्रज्ञाताईंकडे होती. प्रज्ञाताई गावच्या आशा कार्यकर्त्या. पळसकुंड आणि चिंचपोड, दोन्हीकडच्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्यावर. उंच, तरतरीत बाई, वय माझ्याएवढंच. दारातच "जयभीम" म्हणाल्या, हातातली पेटी काढून घेतली आणि तांब्या पुढे केला. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली निळ्या कापडावर मुलीला मिळालेली ढाल. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. आमच्याकडे चटणी म्हटली की शेंगदाण्याची. जवस आम्ही औषधासारखा खातो. इथे तो तेल ओतून, भाकरीच्या घासागणिक, मनापासून.

जेवता जेवता त्यांनी पेटीकडे बोट केलं. "याच्या आधी एक मशीन आलतं. तुमीच आणलं होतं का?"

"नाही. दुसऱ्या लोकांनी."

"बरं झालं. नाई तर तुमाले भाकर दिली नसती," त्या हसल्या. "पाणी आलं, गेलं, गाळ बी वाळला, अन् मंग माह्या मोबाइलवर मेसेज आला. सावधान!"

तो दोष मला माहीत होता. ते यंत्र नाल्याची उंची मोजायचं आणि आकडा मोबाइलच्या टॉवरवरून शेकडो मैल दूरच्या संगणकाकडे पाठवायचं. तो संगणक हिशेब करून इशारा परत पाठवायचा. कागदावर सगळं क्षणात होणारं. पण वादळी पाऊस आला की आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते. नेमकी गरज असते तेव्हाच निरोप वाटेत अडकतो. शहरांत आता हा हिशेब टॉवरच्या पायथ्याशीच करायची पद्धत येते आहे, म्हणजे निरोपाची ये-जा वाचते. पळसकुंडला तर टॉवरचाच भरवसा नव्हता. म्हणून माझ्या कार्यालयातल्या आम्ही लोकांनी हिशेब आणखी खाली, गावातच आणायचं ठरवलं होतं. नाल्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या रस्त्यावर एक पूल आहे, तिथून चिंचपोडला वाट नाही, त्या पुलाखाली उंची मोजणारं यंत्र, त्याच्याकडून साध्या रेडिओने निरोप, अंगणवाडीच्या छतावर ही पेटी, आणि पेटीने सांगितलं की रपट्याच्या दोन्ही टोकांना भोंगा आणि लाल दिवा. मध्ये इंटरनेट कुठेच नाही.

हे मी प्रज्ञाताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे हे कोणालेच इचारत नाई?"

"नाही. इथंच ठरवतं."

"मंग चुकलं तर?"

"चुकलं तर इथंच दुरुस्त करता येईल."

हात धुताना त्या म्हणाल्या, "मी त्या रपट्यावर अडकली होती एकदा. जीपमधी कळा येऊन राह्यलेली बाई, अन् पाण्याच्या जोरानं दरवाजा उघडे ना. खिडकीतून काढली तिले." हात पुसत, "दोघी वाचलो. पोरगी आता शाळेत जाते तिची."

पुलाखालच्या म्हशी

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या पुलावर गेलो. वाटेत काळ्या मातीने माझे बूट गिळले. पाऊल उचललं की बूट जमिनीत आणि मी नुसत्या मोज्यावर. शेवटी बूट हातात घेऊन अनवाणी चालले. प्रज्ञाताई चपला काढून पिशवीत घालूनच घरातून निघाल्या होत्या. "सांगणार होती," म्हणाल्या, "पण म्हटलं बूट भारीचे हायेत, जातीन चालत."

पुलाच्या कठड्याखाली यंत्र बसवलं. ते वटवाघळासारखं काम करतं, खाली आवाज सोडतं आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती वर आलंय ते काढतं. टेकाडावर रेडिओचा खांब उभा केला. संध्याकाळपर्यंत सगळी साखळी जुळली. भोंगा वाजवून पाहिला तेव्हा गावातली कुत्री एका सुरात रडली आणि अर्धं गाव रपट्यावर गोळा झालं. कुणीतरी गुलाल आणला. मला नारळ फोडायला लावला.

पुढच्या दिवशी दुपारी भोंगा आपला आपणच वाजला.

लोक धावले. चिंचपोडहून येणाऱ्या बायका डोक्यावरची लाकडं टाकून मागे पळाल्या. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, आणि तेवढंच राहिलं. बराच वेळ वाट पाहून लोक परत गेले. तासाभरात भोंगा पुन्हा वाजला. या वेळी निम्मेच आले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पारावर बसलेले उठलेसुद्धा नाहीत.

मी आणि प्रज्ञाताई गजाननभाऊंची जीप घेऊन वरच्या पुलाकडे गेलो. पुलाखालच्या सावलीत म्हशी उभ्या होत्या, गळ्यापर्यंत समाधानात बुडालेल्या. त्यांतली एक आमच्या यंत्राच्या बरोबर खाली. तिने पाठ हलवली की यंत्राच्या लेखी नाल्याला पूर येत होता. काठावर गुराखी लेतूबुवा बिडी ओढत बसले होते.

"रोज इथंच बसतात का म्हशी?" मी विचारलं.

"उनात कुठं बसतीन?" ते म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हशींचा हक्क माझ्या यंत्रापेक्षा जुना होता.

संध्याकाळपर्यंत गावाने भोंग्याचं बारसं केलं होतं, 'म्हशीचा भोंगा'. पोरं तोंडाने त्याचा आवाज काढत पळत होती. गजाननभाऊंनी मला पाहून हसू दाबलं, पण ते मिशीतून दिसलंच. मला हसू येत नव्हतं. खोटा इशारा म्हणजे नुसती फजिती नसते. लोकांनी एकदा कानाआड करायला सुरुवात केली, की भोंगा असून नसल्यासारखा. मग मी बसवलेल्या वस्तूने या गावाची वाट सुरक्षित होण्याऐवजी लोक गाफील झाले असते.

मी अंगणवाडीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. पेटीने दिवसभरात जे टिपलं होतं ते सगळं तिच्याजवळच होतं. म्हैस दिसत होती, एकदम वर, थोडी इकडे तिकडे, एकदम खाली. पाणी तसं वागत नाही. ते चढतं आणि चढत राहतं. पेटीला हा फरक शिकवता येण्यासारखा होता, फक्त तिला ओरडण्याआधी थोडं थांबून पाहावं लागणार होतं. आणि तो थोडा वेळ म्हणजे किती, हे मला ठरवता येईना.

प्रज्ञाताई शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना अडचण सांगितली.

"जास्त वेळ थांबलं तर खोटं जवळजवळ वाजणारच नाही," मी म्हणाले.

"अन् तवर पाणी रपट्यावर आलं तं?"

"वरून इथं यायला वेळ लागतो. पण तो थोडा कमी मिळेल."

"मंग कमीत कमी थांबवा."

"मग एखादी म्हैस अधूनमधून फसवेल. लोक पुन्हा हसतील. तुम्हालाच हसतील, मी तर निघून जाईन."

त्यांनी पदराने चेहरा पुसला. "हसू द्या ना मले. खोटं वाजलं तं हसतीन. उशिरा वाजलं तं काय करतीन, सांगा."

मी आकडा अगदी लहान ठेवला. असा निर्णय पुण्याच्या कार्यालयात बसून मी वेगळा घेतला असता, हे मला पेटी बंद करतानाच कळत होतं. पुढच्या दुपारी म्हशी आल्या, उभ्या राहिल्या, गेल्या. भोंगा गप्प होता. पण त्याचं नाव काही बदललं नाही.

रपटा

बाजाराचा दिवस. प्रज्ञाताई सकाळीच ग्रामीण रुग्णालयात गेल्या होत्या. चिंचपोडच्या मंगलाला बाळंतपण होऊन सुट्टी मिळणार होती, तिला घरी पोहोचवायचं होतं. मीही बाजारापासून त्यांच्याबरोबर गजाननभाऊंच्या जीपमध्ये चढले. मागे बाजार करून निघालेल्या बायका, पिशव्यांत कांदे, बांगड्या, एक नवी कोरी कढई. मधल्या सीटवर मंगला, एकोणीस-वीस वर्षांची असेल, टॉवेलात गुंडाळलेली मुलगी छातीशी धरून. पहिलंच मूल. नवरा मारोती आदिलाबादकडे कामाला गेला होता. बातमी कळून आदल्या रात्री तो पोडावर पोहोचला होता आणि आता रपट्याच्या पलीकडे येऊन उभा राहणार होता. हे सगळं प्रज्ञाताईंनी सांगितलं. मंगला फक्त हसत होती आणि दर वळणावर पुढे बघत होती.

आभाळ निळं होतं. ऊन इतकं, की जीपच्या टपाला हात लावता येत नव्हता.

रपट्याच्या उतारावर आलो आणि भोंगा वाजला. लाल दिवा फिरू लागला.

गजाननभाऊंनी वेग कमी केला, आभाळाकडे पाहिलं. "म्हशी आल्या," ते म्हणाले. मागून बायका हसल्या. रपट्याखालून पाणी नेहमीसारखं खळखळत होतं. पलीकडच्या काठावर पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण उठून उभा राहिला. मंगला पुढे झुकली.

"थांबवा," प्रज्ञाताई म्हणाल्या.

"ताई, पाणी कुठं हाय? एका मिनिटात पार होतो. बाईले कायले ताटकळवता उनात?"

"वाजलं ना? मंग थांबा."

"काल परवा तीनदा वाजलं ना!"

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. खरं सांगते, मलाही वाटलं होतं की म्हैसच असावी. मी तो आकडा किती लहान ठेवला होता ते मलाच ठाऊक. वर पुलाजवळ कुणाला फोन लावून विचारावं तर रेषा एकही नाही.

प्रज्ञाताई वाट पाहत बसल्या नाहीत. दार उघडून उतरल्या, जीपच्या पुढे गेल्या आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"अंगावरून घाला गाडी," त्या म्हणाल्या. "नाई तं बंद करा."

गजाननभाऊंनी गाडी बंद केली. चावी काढून, रागाने, खिशात टाकली. भोंगा वाजतच होता. मागच्या बायका एकेक करून उतरल्या, कुणी करंजाच्या सावलीत बसल्या, कुणी कुरकुरल्या. एकजण म्हणाली, "चालत जातो ना आमी." प्रज्ञाताईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बसली. मीही उतरून प्रज्ञाताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

वेळ जात नव्हता. पलीकडे मारोती काठापर्यंत आला, रपट्यावर पाऊल टाकलं, लाल दिव्याकडे पाहून मागे घेतलं, पुन्हा टाकलं. प्रज्ञाताई हात हलवून ओरडल्या, "ईर! ईर!" कोलामीत पाण्याला ईर म्हणतात, हे मला नंतर कळलं. तो थांबला.

आधी वास आला, ओल्या पाचोळ्याचा, कुजलेल्या मातीचा. मग पाण्याचा रंग बदलला. खळखळ थांबली आणि त्या जागी घरघर ऐकू येऊ लागली, दूरवर कुणी जड लाकूड ओढत असावं तशी. करंजाखालच्या बायका उभ्या राहिल्या. वळणावरून तपकिरी, फेसाळ पाणी आलं, फांद्या आणि बांबू घेऊन, आणि बघता बघता रपटा दिसेनासा झाला. एक अख्खा पळस मुळांसकट आमच्यासमोरून गेला, जिथून आमची जीप जाणार होती त्याच जागेवरून.

गजाननभाऊ खाली उकिडवे बसले. मग उठून प्रज्ञाताईंजवळ गेले, खिशातली चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमी सांगसान तवा." मागची एक म्हातारी रडायला लागली, तिला पाहून दुसरी. मंगलाने बाळाला इतकं घट्ट धरलं की तेही रडलं, आणि त्या रडण्याने सगळे भानावर आले. मी जीपच्या पायरीवर बसले. कुणीतरी हातात फुटाणे दिले, ते मी एकेक करून खाल्ले.

मी पुण्याला परत आल्यापासून प्रज्ञाताईंचा फोन येत असतो. मोबाइलला रेंज हवी म्हणून त्या टेकाडावर चढतात. भोंगा त्यानंतरही वाजला आहे. कधी खरा, एकदा खोटा, आणि त्या खोट्यालाही लोक थांबले होते. नाल्याच्या वरच्या अंगाला आणखी एक यंत्र बसवायचं ठरतं आहे, म्हणजे पेटीला दोन्हीकडून खात्री करून घेता येईल. रपट्याच्या जागी पूल व्हावा म्हणूनही अर्ज गेला आहे. पूल झाला तर पेटीचं काम संपेल, आणि त्याचा मला आनंदच होईल.

त्या दुपारी मात्र आम्ही अडकून पडलो होतो, आणि अडकलेल्या माणसांचा संसार पटकन उभा राहतो. नव्या कढईत कुणी मुरमुरे ओतले, चिवडा मिसळला, कांदा दातांनी सोलून हातानेच फोडला. गजाननभाऊंनी सीटखालून पाण्याचा डबा काढला, आधी मंगलाला दिला. बाळाला पाजायची वेळ होताच बायकांनी पदरांचा आडोसा केला. पलीकडे मारोती हलला नव्हता. मधल्या पाण्याच्या आवाजात हाक पोहोचत नव्हती. प्रज्ञाताईंनी मंगलाकडून बाळ घेतलं, उंच दगडावर चढल्या आणि टॉवेल बाजूला करून त्याचा चेहरा पलीकडे वळवला. इतक्या लांबून मारोतीला काय दिसलं असेल कोण जाणे. त्याने कपाळावर हात धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

ऊन उतरू लागलं तसं पाणीही उतरलं. रपट्याचं सिमेंट आधी ठिपक्या-ठिपक्यांनी, मग सलग दिसू लागलं. त्यावरून घोट्याएवढंही पाणी उरलं नाही तेव्हा मारोती निघू लागला. या वेळी गजाननभाऊच दोन्ही हात वर करून ओरडले, "थांब रे! दिवा विझू दे!"

सगळेच दिव्याकडे बघत उभे राहिलो. तो विझला. प्रज्ञाताईंनी चावी परत दिली.

पलीकडे चढणीवर जीप थांबली. मारोती धावत आला आणि दाराशी येऊन एकदम थबकला. हात सदऱ्याला पुसले. बाळाकडे पाहिलं, पण हात पुढे केले नाहीत. आधी मंगलाला कोलामीत काहीतरी विचारलं, अगदी हळू. मी प्रज्ञाताईंकडे पाहिलं.

"जेवली का म्हणते," त्या म्हणाल्या.

मंगलाने मान हलवली. मग त्याने मुलीला घेतलं.